तिच्या पगारातलं तिचं

महिन्याची पंधरा तारीख आली की मनिलात संध्याकाळी एटीएमसमोरच्या रांगा थेट फुटपाथवर येतात. फिलिपिन्सच्या कामगार कायद्याप्रमाणे पगार महिन्यातून निदान दोनदा द्यावा लागतो आणि दोन पगारांत सोळा दिवसांहून जास्त अंतर चालत नाही; त्यामुळे नोकरदारांचं सगळं आयुष्य पंधरा आणि तीस या दोन तारखांना बांधलेलं असतं. त्याआधीच्या चार-पाच दिवसांना तिथे ‘पेत्सा दे पेलिग्रो’ म्हणतात, धोक्याच्या तारखा. त्या दिवसांत कोपऱ्यावरच्या सारी-सारी दुकानातून, म्हणजे घराच्याच खिडकीला जाळी लावून थाटलेल्या किराणा दुकानातून, शाम्पूची एक पुडी, कॉफीची एक पुडी, एक अंडं, पिशवीतलं घोटभर तेल अशी खरेदी चालते. मग पगार होतो. रांगेतली पंचविशीतली एखादी मुलगी पैसे काढण्याआधी फोन काढते. आधी गावी आईला, मग धाकट्या भावाच्या फीचे, मग खाटेचं भाडं, मग मैत्रिणीची उसनवारी. अर्ध्या महिन्याची देणी रांग दोन पावलं पुढे सरकेपर्यंत भागलेली असतात. त्यानंतर ती दोन दुकानं टाकून पलीकडे जाते आणि तळाशी काळे मणी असलेला, थंडगार दुधाचा चहा घेते. शंभर-सव्वाशे पेसोंचा एक पेला. या पेल्यावरून तिला घरचे बोलतात, शेजारचे बोलतात, तिची ओळखदेख नसलेली माणसंही बोलतात. मला त्या पेल्याची बाजू घ्यायची आहे.

बाजू घ्यायची तर आधी हिशेब मांडायला हवा, कारण आक्षेप हिशेबाच्या भाषेतच येतो. फिलिपिन्समध्ये किमान वेतन 1989 च्या कायद्यापासून विभागवार ठरतं आणि राजधानीचा दर सर्वांत वरचा असतो; गावाकडच्या मुली मनिलाची वाट धरतात त्याचं हे एक साधं कारण. 2025 च्या जुलैत हा दर दिवसाला 695 पेसो झाला, आणि एक पेसो म्हणजे साधारण दीड रुपया. महिन्याचे सव्वीस दिवस भरले तर 18,070 पेसो. त्यातून सामाजिक सुरक्षेच्या वर्गणीचे सुमारे नऊशे, आरोग्य विम्याचे साडेचारशे आणि घरबांधणी निधीचे दोनशे जातात. उरतात साडेसोळा हजारांच्या आसपास, तेही दोन हप्त्यांत. एक जीपनी, म्हणजे तिथली शेअर गाडी, आणि पुढे एमआरटी या शहरी रेल्वेचा टोकापासून टोकापर्यंतचा प्रवास धरला तर जायचे 41, यायचे 41. महिन्याला दोन हजारांवर नुसतं कामावर जाण्यायेण्यात संपतं. साधा तांदूळ किलोला चाळीस-पन्नास पेसो. खाटेचं भाडं द्यायचं, फोनचं रिचार्ज मारायचं, कामावरचा गणवेश धुवायचा. आणि या सगळ्याच्या आधी, रांगेत उभ्या उभ्या, गावची रक्कम निघून गेलेली. महिन्यातून दोनदा घेतलेला तो चहा या पगाराचा दीड टक्कासुद्धा होत नाही. तो वाचवून कुणाचं घर उभं राहिलेलं नाही आणि तो प्यायल्याने कुणाची चूल विझलेली नाही. तरीही बोट नेमकं त्याच्याकडे दाखवलं जातं, याचा अर्थ तक्रार पैशांची नसावी. पगारातला एखादा कोपरा तिने कुणालाही न विचारता खर्च केला, हे खटकत असावं.

हा कोपरा किती अरुंद असतो ते तिच्या दिवसाकडे पाहिल्यावर कळतं. मोठ्या दुकानात काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुलीचा दिवस घेऊ. मनिलात खोली परवडत नाही म्हणून ती खाट भाड्याने घेते. तिथे याला बेडस्पेस म्हणतात, मुंबईत कॉटबेसिस म्हणतात. एका खोलीत दुमजली पलंग, तिच्या वाट्याला वरची फळी, कडेने दोरीवर सोडलेला पडदा, पलंगाच्या दांडीला चिमट्याने अडकवलेला छोटा पंखा. पडद्याच्या आतली साडेतीन हातांची जागा एवढीच तिची. सकाळी गल्लीच्या तोंडाशी गरम पांदेसाल, म्हणजे आपल्या पावाच्या जातीचा लहानसा ब्रेड, घ्यायचा आणि जीपनी पकडायची. जीपनीत दोन लांब बाकांवर माणसं समोरासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मागे बसलेल्याचं भाडं हातोहात पुढे ड्रायव्हरपर्यंत जातं आणि सुटे पैसे त्याच वाटेने मागे येतात. अनोळखी माणसांच्या तळहातांवरून रोज सकाळी हा व्यवहार बिनचूक पार पडतो. त्या शहराच्या भलेपणाचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. एमआरटीचा पहिला डबा बायका, म्हातारी माणसं आणि अपंग यांच्यासाठी राखीव असतो, पण गर्दीच्या वेळी तिथेही श्वास घ्यायला जागा नसते. मग आठ-नऊ तास उभं राहणं. दुकानात उभ्या मुलींना उंच टाचांची सक्ती करू नये, बसायला जागा आणि विश्रांती द्यावी, असा आदेश श्रम खात्याला 2017 मध्ये काढावा लागला. तोवर कित्येक मुलींच्या पोटऱ्या कायमच्या दुखऱ्या झालेल्या होत्या. नोकरीचंही तेच. सहा महिने भरले की कामगाराला कायम करावं लागतं, म्हणून पाचव्या महिन्याअखेर करार संपवायचा आणि नव्या मुलीला घ्यायचं, ही रीत तिथे इतकी रुळली आहे की तिला ‘एंडो’ असं घरगुती नाव पडलं आहे. या पद्धतीला आळा घालणारं विधेयक 2019 मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केलं आणि जुलैत राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनी ते नकाराधिकार वापरून परत पाठवलं. ज्या मुलीला पुढच्या सहा महिन्यांची शाश्वती मालक देत नाही, तिला काटकसरीने भविष्य घडवण्याचा उपदेश करणं मला रास्त वाटत नाही.

काटकसर तिला येत नाही असंही नाही. उलट बचतीच्या जेवढ्या युक्त्या गरिबाला सुचू शकतात त्या सगळ्या तिने वापरून पाहिलेल्या असतात. कामावरच्या दहा जणी मिळून पालुवागान लावतात. मराठी वाचकाला वेगळं समजवायला नको, ती भिशीच. दर पगाराला ठरलेली रक्कम टाकायची आणि आपला नंबर लागेल तेव्हा सगळी रक्कम उचलायची. कपडे उकाय-उकायमधून येतात, म्हणजे परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून. असे कपडे देशात आणायला 1966 चा कायदा मनाई करतो आणि तरीही ते दुकान प्रत्येक गावात असतं. अडचण आलीच तर ‘फाइव्ह-सिक्स’ आहे: पाच घ्यायचे आणि सहा फेडायचे, रोज थोडे थोडे. हा धंदा मोटारसायकलवरून फिरणारे भारतीय सावकार पिढ्यान् पिढ्या करत आले आहेत. ते बहुतेक पंजाबी, पण तिथे भारतीय माणसाला सरसकट ‘बुंबाय’ म्हणतात, मुंबईवरून. दर संध्याकाळी हप्ता मागायला येणाऱ्या माणसाला आपल्या शहराचं नाव असावं, हे वाचून मुंबईच्या माणसाला थोडं अवघडल्यासारखं व्हावं. ज्या मुलीच्या नावावर एक भिशी, एक उसनवारी आणि भावाच्या शिक्षणाचं वर्षभराचं ओझं आहे तिला हिशेब शिकवायला जाणाऱ्याने आधी तिची वही पाहावी.

हे ओझं तिच्याच खांद्यावर का येतं, हा प्रश्न मला पेल्याच्या किमतीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. समजा, ती पनाय बेटावरच्या इलोइलोकडची आहे, भाताच्या मुलखातली. मध्य लुझोन आणि पनाय इथल्या भात पिकवणाऱ्या गावांचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ जोना एस्तुदियो, अग्नेस किसुंबिंग आणि केइजिरो ओत्सुका यांनी केला, तेव्हा एक ठळक गोष्ट दिसली. आईबाप जमीन मुलग्याकडे जास्त वळवतात आणि शिक्षण मुलीला जास्त देतात. ही वाटणी वेडीवाकडी नाही. नांगर मुलगा धरणार आणि शहरात नोकरी मुलीला मिळणार, असा त्यामागे विचार आहे, आणि दोघांच्या आयुष्यभराच्या मिळकतीचा मेळ जवळपास बसतो असंही त्या अभ्यासातून निघतं. भारतातल्या कितीतरी घरांपेक्षा हे चित्र न्याय्य आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. पण मिळकतीचा मेळ बसला म्हणून हक्कांचा बसला असं होत नाही. मुलग्याला मिळालेली जमीन वारसा म्हणून मिळते. ती आईबापांनी दिली याबद्दल त्याने कृतज्ञ असावं अशी अपेक्षा असते, पण त्या जमिनीचा हप्ता त्याच्याकडे महिन्यातून दोनदा कुणी मागत नाही. मुलीला मिळालेलं शिक्षण मात्र उपकार म्हणून मोजलं जातं. ‘आम्ही हिला शिकवलं’ हे वाक्य तिच्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून तिच्या मागे असतं आणि त्या वाक्याची परतफेड कधी पूर्ण होते हे कुणीच सांगत नाही. आधी भाऊ शिकतो, मग धाकटी शिकते, मग घराचं छप्पर, मग वडिलांचं दुखणं. 1988 साली जेनिफर लॉबी आणि ओडेड स्टार्क यांनी फिलिपिनो तरुणींच्या स्थलांतराकडे कुटुंबाने आखलेली योजना म्हणून पाहावं असं मांडलं, त्यालाही आता पिढी उलटून गेली. योजना घराची असते. तिकीट काढून बोटीत बसते ती एकटी.

यावर सर्वांत मनापासून येणारा आक्षेप असा की तुम्ही हे कर्ज-हप्त्याच्या भाषेत का बोलता? ती प्रेमाने देते. फिलिपिनो घरात कुणी एकट्याचं नसतं, आणि आईच्या औषधाला पैसे पाठवताना मुलीला जो आनंद होतो त्याची चव बाहेरच्याला कळायची नाही. हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण तो बहुतांशी खरा आहे. पैसे पाठवल्यावर लगेच आलेला आईचा फोन, भावाने दाखवलेलं गुणपत्रक, नव्या पत्र्याचा फोटो, यांत तिला मिळणारं समाधान दिखाऊ नसतं. पण प्रेमाची एक ओळख अशी असते की त्यात कधीतरी ‘या वेळी जमणार नाही’ असं म्हणता येतं आणि त्यानंतरही नातं तसंच राहतं. तिला तसं म्हणता येतं का? जी मुलगी एका पगाराला रक्कम कमी पाठवते तिला कृतघ्न ठरवलं जातं, आणि हे ठरवणाऱ्यांत ज्यांनी तिच्यासाठी काही केलेलं नाही असे दूरचे नातेवाईकही असतात. शिवाय हे सगळं नुसतं रीतीवर सोडलेलं नाही, त्याला कायद्याचाही आधार आहे. 1987 च्या कुटुंब संहितेत आईबाप आणि मुलं यांनी एकमेकांना पोसण्याचं कर्तव्य आहेच, त्याचबरोबर सख्ख्या भावंडांवरही ते टाकलेलं आहे. आपल्याकडच्या कायद्यात आईबापांच्या पोटगीची तरतूद आहे. शिकत्या भावाचा भार बहिणीवर घालण्याइतका तो पुढे जात नाही. 2025 मध्ये सिनेटर पानफिलो लाकसोन यांनी वृद्ध आईबापांना न सांभाळणाऱ्या मुलांना शिक्षा करणारं विधेयक मांडलं, तेव्हा तिथल्या तरुणांत मोठा गदारोळ उठला. त्यात घरातलं पहिलं अपत्य असलेल्या, म्हणजे तिथल्या भाषेत ‘पंगानाय’ असलेल्या मुलींचा आवाज फार ठसठशीत होता. आईबापांना टाकून द्यायचं आहे असं त्यांच्यापैकी जवळपास कुणीच म्हणत नव्हतं. आम्ही करतोच आहोत, मग तुरुंगाची भीती कशाला, असं त्या विचारत होत्या. मनापासून दिलेल्या गोष्टीला शिक्षेचं कलम लावलं की दिलेल्याचं मोल देणाऱ्याच्याच नजरेत उतरतं, एवढं त्यांना कळलेलं होतं.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो अधिक अवघड आहे. मुलीने नाही दिलं तर म्हाताऱ्यांनी जायचं कुठे? शेतमजुरी, मासेमारी, फेरीविक्री यांत आयुष्य गेलेल्या माणसाला निवृत्तिवेतन नसतं. गरीब वृद्धांना सरकार जे मासिक अनुदान देतं ते 2022 च्या कायद्याने पाचशेवरून हजार पेसो झालं. हजार पेसो म्हणजे मनिलाच्या किमान वेतनाची जेमतेम दीड दिवसाची मजुरी. तीत म्हातारा-म्हातारीने महिना काढायचा आहे. अशा ठिकाणी शहरातली मुलगी हेच निवृत्तिवेतन, तीच आरोग्य विमा, तीच पूर आणि वादळानंतरची मदत. दर वर्षी जिथे वीसेक चक्रीवादळं येऊन जातात तिथे हे शब्दशः खरं आहे. म्हणून तिने देणं थांबवावं असं मी म्हणत नाही, म्हणणं शक्यही नाही. माझं म्हणणं एवढंच की या उणिवेचा जाब ज्यांना विचारायचा त्यांच्यापर्यंत तो पोचत नाही आणि चहाच्या पेल्याशी येऊन अडतो. सामाजिक सुरक्षेची वर्गणी तिच्या पगारातून नेमाने कापली जाते. पाच महिन्यांनी करार संपला की त्या वर्गणीची साखळी तुटते, आणि उद्या तिच्या म्हातारपणीही हेच कोडं पडणार आहे. ते तेव्हा तिच्या मुलीने सोडवायचं आहे, ही अपेक्षा आजपासूनच घरात धरलेली आहे.

कुणी म्हणेल, फिलिपिनो स्त्रीची कीव करायचं कारण नाही. आशियात तिच्याइतकी पुढे गेलेली स्त्री क्वचितच सापडेल. याला आधार भक्कम आहे. 1937 च्या सार्वमतात तिथल्या बायकांनी तीन लाख होकारांची अट ओलांडून सुमारे साडेचार लाख मतं टाकली आणि मतदानाचा हक्क मिळवला. कोरासोन अकिनो आणि ग्लोरिया मकापागाल-अरोयो या दोन स्त्रिया राष्ट्राध्यक्ष झाल्या. 2019 पासून बाळंतपणाची 105 दिवसांची पगारी रजा आहे. रात्रपाळीला स्त्रियांना मनाई करणारी जुनी कलमं 2011 मध्ये काढून टाकली गेली. महाराष्ट्रात दुकाने आणि आस्थापनांसाठी, बाईच्या संमतीने आणि सुरक्षिततेच्या अटींवर, तसा कायदा व्हायला 2017 उजाडावं लागलं. 2010 च्या सुमाराला फोनवरून ग्राहकांशी बोलण्याच्या धंद्यात फिलिपिन्सने भारताला मागे टाकलं, आणि जे फोन एकेकाळी पुण्या-मुंबईत रात्री वाजत ते मनिलात आणि सेबूत वाजू लागले. आज तिथे अमेरिकेच्या घड्याळावर जागणाऱ्या मुली सकाळी सातला कामावरून सुटतात, तेव्हा शाळेत निघालेली मुलं आणि त्या एकाच जीपनीत बसतात. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेसाठी कायद्याने दहा टक्के जादा मिळतात. हे सगळं मोलाचं आहे आणि कुणी तरी भांडून मिळवलेलं आहे. पण या सगळ्या सुधारणांनी तिला कमवायची वाट मोकळी करून दिली. कमावलेल्या पैशांवर पहिला हात कुणाचा, या प्रश्नाला त्यांनी स्पर्श केलेला नाही. तिथे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या बायकांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास घुटमळतं, पुरुषांचं तीनचतुर्थांशांच्या जवळ असतं. म्हणजे कमावत्या प्रत्येकीच्या मागे घरात राबणारी एक तरी आई, मावशी किंवा वहिनी आहे, जिच्या कामाला पगारच नाही. कमावती मुलगी पैसे पाठवते त्यात त्या बिनपगारी बाईचीही भाकरी असते. त्यामुळे रक्कम कमी करताना तिचं मन खातं ते वडिलांपेक्षा आईसाठी, आणि या बाजूचा सगळ्यात दुखरा भाग मला तोच वाटतो.

स्तुती मात्र भरपूर होते. 1988 मध्ये कोरासोन अकिनो हाँगकाँगमधल्या घरकामगार बायकांसमोर बोलल्या आणि त्यांना देशाच्या नव्या वीरांगना म्हणाल्या. तेव्हापासून परदेशी काम करणाऱ्यांचा गौरव हा सरकारी भाषणांचा नेमच झाला. 2024 मध्ये परदेशातल्या फिलिपिनो लोकांनी बँकांमार्फत 34 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम घरी पाठवली, तेव्हा गौरवाला कारणही आहे. पण वीराला स्वतःची भूक, स्वतःचा कंटाळा, स्वतःची हौस असते हे गौरव करणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही. याच घरकामगार बायकांकडे हाँगकाँगला रविवारी पाहावं. तिथल्या कायद्याने त्यांना सात दिवसांतून एक दिवस सुट्टी द्यावी लागते, आणि मालकाच्या घरातच राहण्याचं बंधन असल्याने सहा दिवस त्यांना स्वतःचं दारसुद्धा नसतं. रविवारी सेंट्रल या भागात चेटर रोडवर, स्टॅच्यू स्क्वेअरवर, मोठ्या बँकेच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत त्या पुठ्ठे अंथरून बसतात. चपला पुठ्ठ्याबाहेर काढून ठेवतात, जसं घरात शिरताना काढतात. कुणी एकमेकींची नखं रंगवतं, कुणी घरी पाठवायच्या खोक्यात साबण आणि चॉकलेटं रचतं, कुणी नाच बसवतं. बेबी रूथ व्हिल्यारामा यांच्या ‘संडे ब्यूटी क्वीन’ या 2016 च्या माहितीपटात याच बायकांच्या सौंदर्यस्पर्धा आहेत. मेट्रो मनिला महोत्सवात तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. दिवसभर झगमगत्या झग्यात मिरवलेली बाई संध्याकाळी झगा पिशवीत भरून मालकाच्या घरी वेळेत पोचायला धावते. या स्पर्धांवरही तोच आक्षेप येतो: एवढ्या कष्टाचे पैसे मुकुटावर आणि झग्यावर कशाला? मला उलट वाटतं. सहा दिवस जिच्या अंगावर दुसऱ्याच्या घराचा एप्रन असतो तिने सातव्या दिवशी आपलं अंग आपल्या मर्जीने सजवणं ही गरजच आहे, भाकरीइतकी निकडीची नसेल, पण तिच्या मागोमाग येणारी. पंधरा तारखेचा पेला आणि रविवारचा मुकुट यांची जात एकच आहे. दोन्ही ठिकाणी ती कुणाची मुलगी, कुणाची ताई, कुणाची मोलकरीण नसते.

फिलिपिन्समधल्या मुलींची नवी पिढी आता हे मोठ्याने बोलू लागली आहे. मी किती वर्षं द्यायचं, भाऊ कमावता झाल्यावर त्याने किती द्यायचं, आधी माझ्या नावावर काही ठेवू का, असे प्रश्न त्या एकमेकींना विचारतात. आणि काही जणी बोलत नाहीत, करून मोकळ्या होतात. फोनवर दुसरं खातं उघडायला आता बँकेत जावं लागत नाही. पगारातले तीनशे-चारशे पेसो तिकडे वळवायचे आणि घरी सांगायचं नाही, ही वाट आपल्याकडे तांदळाच्या डब्यात नोटा दडवणाऱ्या आजीपासून चालत आलेली आहे. यावर आक्षेप घेणारे म्हणतात की ही लपवाछपवी आहे, आणि एकदा ती घरात शिरली की विश्वास जातो. त्यांचं सगळंच चूक आहे असं मला म्हणता येत नाही. पण विश्वास एकाच बाजूने मागायचा का, हा प्रश्न मागे उरतो. डिसेंबरच्या 24 तारखेच्या आत तेरावा पगार द्यावा असा 1975 पासूनचा कायदा आहे, आणि त्या देशात नाताळाची गाणी सप्टेंबरपासूनच वाजतात. त्यामुळे तेराव्या पगाराचं काय करायचं हे घरी तीन महिने आधी ठरलेलं असतं. भाचरांची पाकिटं, आईचा फ्रीज, छपराचा राहिलेला भाग. या यादीत तिचं स्वतःचं नाव कुणी लिहिलेलं नाही आणि तिनेही अजून ते घालायला सांगितलेलं नाही. सांगावं की त्या दुसऱ्या खात्यात गुपचूप पैसे साठवत राहावं, यातलं कोणतं बरं हे मला बाहेरून ठरवता येत नाही. घर तिचं आहे, आणि त्या घरातल्या माणसांवर तिचा जीव आहे.